सौम्य रक्तस्राव-विकार असलेल्या बालकांच्या शस्त्रक्रियापूर्व जोखमीचे मूल्यमापन : चाचणी, प्रश्नावली आणि मराठी कुटुंब यांच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

शस्त्रक्रियेपूर्वी बालकाच्या रक्तस्रावाची जोखीम ठरविण्यासाठी आपल्याकडे प्रामुख्याने 'बीटी-सीटी' या चाचण्यांवर भिस्त ठेवली जाते. सौम्य विकार ओळखण्यास या चाचण्या अपुऱ्या आहेत, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले असून त्यांच्या जागी रक्तस्रावाचा वैयक्तिक व कौटुंबिक इतिहास आणि त्यावर आधारित गुणांकन-प्रश्नावल्या सुचविल्या आहेत. प्रस्तुत लेखात या दोन्ही पद्धतींची चिकित्सा केली आहे. प्रश्नावल्या तत्त्वतः श्रेष्ठ असल्या तरी मराठी कुटुंबाची भाषा, नातेव्यवस्था, संकोच आणि वैद्यकीय सेवेपर्यंतची पोच यांचा विचार न करता वापरल्यास त्याही दिशाभूल करू शकतात, असे येथे प्रतिपादन केले आहे. विवेचनासाठी गोरेगावसारख्या उपनगराचा संदर्भ घेतला आहे.

बीजशब्द : सौम्य हिमोफिलिया, व्हॉन विलब्रँड विकार, बीटी-सीटी, रक्तस्राव-इतिहास, नातेव्यवस्था, गोरेगाव.

प्रस्तावना

बालकाच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया, हर्निया, सुंता किंवा किडलेला दात काढणे या तशा नित्याच्या गोष्टी होत. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील कोणत्याही नर्सिंग होममध्ये त्या पार पडतात आणि बहुतेक मुले एक-दोन दिवसांत घरी जातात. या शस्त्रक्रियांच्या आधी पालकांच्या हाती तपासण्यांची एक चिठ्ठी दिली जाते. हिमोग्लोबिन, लघवी आणि 'बीटी-सीटी' हा तिचा ठरलेला मजकूर. अहवाल 'नॉर्मल' आला की रक्तस्रावाचा प्रश्न मिटला असे डॉक्टर, पालक आणि भूलतज्ज्ञ असे सर्वच गृहीत धरतात.

हे गृहीतक कोणत्या मुलांच्या बाबतीत फसते, हा या लेखाचा विषय आहे. तीव्र हिमोफिलियाचे मूल सहसा लपून राहात नाही. रांगू लागताच त्याच्या गुडघ्यांवर, घोट्यांवर सूज येते आणि विकार शस्त्रक्रियेची वाट न पाहता स्वतःच प्रकट होतो. सौम्य विकाराच्या मुलाचे तसे नसते. फॅक्टर ८ अथवा फॅक्टर ९ यांचे प्रमाण ५ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर हिमोफिलिया सौम्य समजला जातो. असे मूल खेळते, पडते, शाळेत जाते आणि कोणाच्याही लक्षात येत नाही. त्याच्या रक्ताची पहिली खरी परीक्षा बहुधा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होते. 'सौम्य' हे विशेषण दैनंदिन जीवनाला लागू पडते. शस्त्रक्रियेला ते लागू पडेलच असे नाही. या एका शब्दाने निर्माण केलेला दिलासा हाच या विषयातील पहिला धोका होय.

बीटी-सीटीचा इतिहास आणि तिची मर्यादा

रक्तस्रावाचा काळ मोजण्याची पद्धत अमेरिकेतील ड्यूक याने 1910 मध्ये मांडली. कानाच्या पाळीला बारीक छेद द्यावा, ठरावीक अंतराने टिपकागदाने रक्त टिपावे आणि ते थांबण्यास किती वेळ लागतो ते पाहावे, अशी ती साधी रीत होती. ली आणि व्हाइट यांनी 1913 मध्ये काचनळीत रक्त गोठण्याचा काळ मोजण्याची पद्धत दिली. पुढे आयव्ही आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दंडावर रक्तदाबमापकाची पट्टी बांधून अग्रबाहूवर छेद देण्याची सुधारणा केली. आपल्याकडील छोट्या प्रयोगशाळांत आजही बोट किंवा कानाची पाळी टोचून आणि केशनलिका मोडून हीच परंपरा चालविली जाते.

या चाचण्या निरुपयोगी होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. ड्यूकने आपली पद्धत प्लेटलेट अत्यंत कमी झालेल्या रुग्णांच्या संदर्भात वापरली होती आणि तेथे ती अर्थपूर्ण होती. फिनलंडमधील एरिक व्हॉन विलब्रँड यांनी 1926 मध्ये ऑलँड द्वीपसमूहातील एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनीही रक्तस्रावाचा काळ मोजला होता. परंतु त्यांच्या अभ्यासाचा आधार चाचणी नव्हता. ह्योर्डिस नावाची पाच वर्षांची मुलगी त्यांच्याकडे आली, तिच्या भावंडांत रक्तस्रावाने मृत्यू झालेले होते आणि आईवडील दोघांच्याही घराण्यांत रक्तस्रावाचा इतिहास होता. त्यांनी कुटुंबातील 66 व्यक्तींची माहिती जमविली आणि त्यांपैकी 23 जणांत हा त्रास आढळला. म्हणजे इतिहास आधी होता आणि चाचणी त्याच्या पुष्टीसाठी आली. आज आपण हा क्रम उलटा केला आहे. इतिहास न विचारता चाचणी करतो आणि चाचणी ठीक असली की इतिहास विचारण्याची गरज उरली नाही असे समजतो. ह्योर्डिस पुढे तेराव्या वर्षी मासिक पाळीतील रक्तस्रावाने दगावली, ही गोष्टही येथे लक्षात ठेवावयास हवी.

सीटीची मर्यादा तर तिच्या रचनेतच आहे. गोठणघटकांचे प्रमाण अत्यल्प होते तेव्हाच संपूर्ण रक्ताचा गोठणकाळ लक्षणीय रीतीने वाढतो. ज्या मुलाचा फॅक्टर ८ पंधरा किंवा वीस टक्के आहे त्याची सीटी सामान्य येणार हे जवळजवळ ठरलेलेच असते. जी चाचणी ज्या विकाराला मुळातच पकडू शकत नाही, तिचा सामान्य निकाल हा त्या विकाराच्या अभावाचा पुरावा होऊ शकत नाही. बीटीविषयीही रॉजर्स आणि लेव्हिन यांनी 1990 मध्ये केलेल्या विस्तृत पुनर्विचारात ती शस्त्रक्रियेतील रक्तस्रावाचे भाकीत करू शकत नाही, असाच निष्कर्ष निघाला. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञांच्या दोन प्रमुख संस्थांनी 1998 मध्ये तिचा शस्त्रक्रियापूर्व चाळणीसाठी सरसकट वापर करू नये अशी भूमिका घेतली. या गोष्टीला पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. तरीही चिठ्ठीवरील 'बीटी-सीटी' ही अक्षरे तशीच राहिली आहेत.

ती का राहिली, याचे उत्तर केवळ अज्ञानात शोधणे योग्य होणार नाही. चाचणी स्वस्त आहे, जवळ आहे, काही मिनिटांत होते आणि फाइलमध्ये लावता येईल असा कागद देते. उद्या काही अघटित घडले तर 'तपासणी केली होती' असे म्हणता येते. तिचे कार्य वैद्यकीय कमी आणि कायदेशीर व मानसिक अधिक आहे. एखादा विधी ज्याप्रमाणे मूळ हेतू विसरला गेल्यावरही आश्वासनासाठी पाळला जातो, त्याप्रमाणे ही तपासणी पाळली जाते.

आधुनिक चाचण्यांचा पर्याय कितपत पुरेसा?

बीटी-सीटी सोडून पीटी आणि एपीटीटी या चाचण्या सरसकट कराव्यात, असा एक सोपा पर्याय सुचविला जातो. क्विक यांची प्रोथ्रॉम्बिन काळाची चाचणी 1935 ची, तर आंशिक थ्रॉम्बोप्लास्टिन काळाची मूळ चाचणी 1953 ची आहे. त्या निश्चितच अधिक विश्वसनीय आहेत. तथापि बालकांच्या सौम्य विकारांच्या बाबतीत त्यांनाही चार अडचणी येतात.

पहिली अडचण अशी की, वापरलेल्या रसायनानुसार एपीटीटीची संवेदनशीलता बदलते आणि सौम्य हिमोफिलियात ती सामान्य येऊ शकते. व्हॉन विलब्रँड विकाराच्या सौम्य प्रकारात तर ती बहुधा सामान्यच असते. फॅक्टर १३ ची उणीव या दोन्ही चाचण्यांना दिसतच नाही. तिच्यासाठी युरियातील गुठळीची विद्राव्यता पाहणारी वेगळी चाचणी किंवा प्रत्यक्ष घटकमापन लागते. ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनियासारखे प्लेटलेटच्या कार्याचे विकारही यांतून सुटतात.

दुसरी अडचण याच्या नेमकी उलट आहे. फॅक्टर १२ कमी असेल तर एपीटीटी पुष्कळ लांबते, पण रक्तस्राव होत नाही. सर्दी-तापानंतर काही मुलांच्या रक्तात तात्पुरती प्रतिपिंडे निर्माण होतात आणि त्यांमुळेही हा काळ लांबतो. टॉन्सिलसाठी येणारे मूल हे वारंवार सर्दी-ताप होणारेच मूल असते, हे येथे विसरता कामा नये.

तिसरी अडचण वयाची आहे. मॉरीन अँड्र्यू यांनी 1987 पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनी हे दाखवून दिले की, अर्भकांचे रक्तस्तंभन हे प्रौढांच्या रक्तस्तंभनाची लहान आवृत्ती नसून ते वयानुसार घडत जाते. जीवनसत्त्व 'के'वर अवलंबून असलेले घटक जन्मतः कमी असतात. त्यामुळे प्रौढांच्या संदर्भमूल्यांशी तुलना केली तर निरोगी अर्भक आजारी ठरते आणि फॅक्टर ९ ची सौम्य उणीव पहिल्या काही महिन्यांत निश्चित सांगता येत नाही.

चौथी अडचण रक्त घेण्याच्या क्षणाशी निगडित आहे. रडणे, भीती, ताप आणि शारीरिक ताण यांमुळे फॅक्टर ८ आणि व्हॉन विलब्रँड घटक यांची पातळी तात्पुरती वाढते. दोघांनी धरून ठेवलेल्या, आक्रोश करणाऱ्या चार वर्षांच्या मुलाच्या रक्तातील घटक त्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा अधिक दिसू शकतात. 'ओ' रक्तगटाच्या व्यक्तींमध्ये व्हॉन विलब्रँड घटक मुळातच काहीसा कमी असतो, त्यामुळे विकार कोठे संपतो आणि प्रकृतिभेद कोठे सुरू होतो याची रेषा पुसट राहते.

सरसकट तपासणीचे गणितही विचारात घ्यावयास हवे. संदर्भमर्यादा ठरविण्याच्या प्रचलित पद्धतीत निरोगी व्यक्तींपैकी अडीच टक्के वरच्या मर्यादेबाहेर पडतातच. उदाहरणादाखल अशी कल्पना करू की 1000 मुलांची तपासणी केली, त्यांत 10 जणांना सौम्य विकार आहे आणि चाचणी त्यांतील निम्म्यांना ओळखते. मग 5 खरे रुग्ण सापडतील, 5 सुटतील आणि सुमारे 25 निरोगी मुलांवर संशयाचा शिक्का बसेल. या 25 कुटुंबांची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, पुन्हा रक्त घेतले जाते आणि 'मुलाच्या रक्तात दोष आहे' हे वाक्य घरात कायमचे राहते. मुलगी असेल तर ते वाक्य लग्नाच्या बोलणीपर्यंत पोहोचते. सुटलेल्या पाच मुलांना मात्र निर्धोक असल्याचे प्रमाणपत्र मिळालेले असते. दोन्ही बाजूंनी होणारी ही हानी पाहता, ब्रिटिश रक्तशास्त्रज्ञांच्या मानक समितीने 2008 च्या मार्गदर्शिकेत सरसकट चाचण्यांऐवजी रक्तस्रावाचा पद्धतशीर इतिहास घेण्याचा आणि तो सकारात्मक असेल तरच पुढील तपासणी करण्याचा जो सल्ला दिला, तो तर्कसंगत ठरतो.

प्रश्नावली : तिचे सामर्थ्य आणि तिची गृहीतके

इतिहास 'पद्धतशीर' घ्यावा म्हणजे काय, याचे उत्तर म्हणून गुणांकन-प्रश्नावल्या पुढे आल्या. बालकांसाठीची प्रश्नावली कॅनडातील संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केली आणि आंतरराष्ट्रीय थ्रॉम्बोसिस व रक्तस्तंभन संस्थेचे साधन 2010 मध्ये आले. नाकातून रक्त येणे, त्वचेवरील डाग, लहान जखमा, तोंडातील रक्तस्राव, दात काढणे, शस्त्रक्रिया, पाळी, स्नायू व सांधे अशा प्रत्येक बाबीस गुण देऊन त्यांची बेरीज केली जाते. आंतरराष्ट्रीय साधनात बालकांसाठी 3 अथवा अधिक गुण असामान्य मानले जातात. संदिग्ध आठवणींना निश्चित आकार देणारे हे साधन मोलाचे आहे, यात शंका नाही.

तरीही साहित्यकृतीच्या भाषांतराप्रमाणे अशा साधनाचेही स्थलांतर होताना त्याची गृहीतके तपासावी लागतात. या प्रश्नावल्यांतील तीन गृहीतके विशेष चिकित्सेस पात्र आहेत.

पहिले गृहीतक वैद्यकीय सेवेच्या उपलब्धतेचे आहे. आंतरराष्ट्रीय साधनात नाकातून वर्षाकाठी पाचाहून अधिक वेळा किंवा दहा मिनिटांहून अधिक काळ रक्त आल्यास 1 गुण, डॉक्टरांचा सल्ला घेतला असल्यास 2, नाकात बोळा भरणे वा डागणे यांसारखे उपचार झाल्यास 3 आणि रक्त देण्यासारखे उपचार करावे लागल्यास 4 गुण मिळतात. म्हणजे गुण केवळ रक्तस्रावाला मिळत नाहीत, तर त्यावर कोणी काय केले त्याला मिळतात. गोरेगाव पूर्वेकडील उंच इमारतीतील मूल आणि आरेच्या एखाद्या आदिवासी पाड्यावरील मूल यांना सारखाच रक्तस्राव झाला, तरी पहिल्याला बालरोगतज्ज्ञ गाठल्यामुळे अधिक गुण पडतील. दुसऱ्याच्या डोक्यावर पाणी थापून त्याला निजविले गेल्यामुळे कमी. ज्याची जोखीम अधिक आणि साधने तोकडी, त्याचाच गुणांक खाली जातो. साधन रक्त मोजत असल्याचे भासते, पण काही अंशी ते दवाखान्याचे अंतर मोजते.

दुसरे गृहीतक त्वचेचे आहे. उघड्या भागांवर एक सेंटिमीटरहून मोठे पाच किंवा अधिक डाग, हा निकष गोऱ्या त्वचेवर सहज दिसतो. सावळ्या त्वचेवर निळसर डाग पुसट होतो आणि आईच्या नजरेसही तो उशिरा येतो. येथे डोळ्यांपेक्षा हाताचा उपयोग अधिक होतो. 'काळेनिळे डाग पडतात का' यापेक्षा 'हात लावला तर गाठ लागते का, टेंगूळ किती दिवस राहते' हा प्रश्न अधिक नेमका ठरतो.

तिसरे गृहीतक कसोटीचे आहे. ज्या मुलाने कधी दात काढलेला नाही, ज्याची शस्त्रक्रिया झालेली नाही, त्याचा गुणांक शून्य येतो. बालकांच्या प्रश्नावलीत कसोटीला सामोरे जाऊनही रक्तस्राव न झालेल्या मुलाला उणे एक गुण देण्याची सोय आहे. तीमुळे 'रक्त आले नाही' आणि 'प्रसंगच आला नाही' यांतील भेद काही प्रमाणात टिकतो. परंतु व्यवहारात 'शून्य' हा अंक दोन्ही अर्थांनी वाचला जातो. दोन वर्षांच्या मुलाचा शून्य म्हणजे निर्दोषत्व नव्हे, ते केवळ मौन होय.

मराठी घरातील कसोट्या

प्रश्नावलीत नसलेल्या, पण मराठी घरात घडणाऱ्या अनेक कसोट्या या मौनाला वाचा फोडू शकतात. कान टोचणे ही त्यांतील एक. सोनाराने कान टोचल्यावर तारेभोवती रक्त किती वेळ झिरपत राहिले, हे आई किंवा आजी सहसा विसरत नाही. नाळ पडताना आणि पडल्यावर रक्त आले काय, हा प्रश्न तर फॅक्टर १३ च्या उणिवेच्या संदर्भात अत्यंत महत्त्वाचा आहे. कारण बेंबीतून होणारा रक्तस्राव हे तिचे ओळखीचे लक्षण आहे. लसीच्या जागी मोठी गाठ येणे, दुधाचा दात पडल्यावर उशीवर रात्रभर रक्त लागणे, पडल्यावर ओठाच्या आतील शीर फाटून थांबूनथांबून रक्त येणे, सुंतेनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी बांधावी लागणे, या साऱ्या नोंदी घराच्या स्मरणात असतात. कान टोचण्यासारख्या लहान छेदातून निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. पण तो पुढच्या प्रश्नाचे दार उघडतो.

येथे शब्दांची निवड निर्णायक ठरते. 'मुलाला रक्तस्रावाचा त्रास आहे का' या प्रश्नास बहुतेक पालक प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देतील. कारण 'रक्तस्राव' हा शब्द त्यांच्या दृष्टीने अपघाताचा किंवा बाळंतपणाचा आहे. 'घोळणा फुटतो का' असे विचारल्यास उत्तर बदलते. पण तेवढ्यानेही भागत नाही. घोळणा फुटणे हे आपल्याकडे आजार मानले जात नाही, ते 'उष्णते'चे लक्षण मानले जाते. त्यावर कांदा हुंगविणे, दूर्वांचा रस, गुलकंद, सब्जा असे उपाय ठरलेले आहेत. ज्या गोष्टीला घरात आधीच कारण सापडलेले आहे ती गोष्ट डॉक्टरला सांगण्याजोगी वाटत नाही. म्हणून 'उन्हाळ्याखेरीज पावसाळ्यात, थंडीतही फुटतो का, एकाच नाकपुडीतून येते की दोन्हींतून, किती रुमाल भिजतात' असे पुढचे प्रश्न आवश्यक होतात. एकाच नाकपुडीतून येणारे रक्त बहुधा स्थानिक कारणाकडे बोट दाखविते, तर दोन्हींतून दीर्घकाळ येणारे रक्त अधिक विचार करावयास लावते.

'फॅमिली हिस्ट्री : निल'

केसपेपरवरील या तीन शब्दांइतके महाग शब्द या विषयात दुसरे नसावेत. हिमोफिलिया 'क्ष' गुणसूत्रावरून आईमार्फत मुलाकडे येतो. त्यामुळे मुलाच्या संदर्भात मामा, मावसभाऊ आणि आईचे वडील ही नाती महत्त्वाची ठरतात. काका, चुलतभाऊ यांचा संबंध येत नाही. इंग्रजी अर्जातील 'अंकल' आणि 'कझिन' हे शब्द हा भेद पुसून टाकतात. मराठीत तो भेद भाषेनेच जपलेला आहे. 'मुलाच्या मामाला, मावसभावाला किंवा आईच्या वडिलांना दात काढताना, ऑपरेशनच्या वेळी रक्त थांबायला त्रास झाला होता का' या एका मराठी वाक्यात आनुवंशिकतेचा नकाशा सामावतो. आपली भाषा या कामी इंग्रजीहून अधिक काटेकोर असताना आपण इंग्रजी रकान्यात 'निल' लिहितो, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

महाराष्ट्राच्या नातेव्यवस्थेमुळे हा नकाशा आणखी गुंतागुंतीचा होतो. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थांची मांडणी करताना महाराष्ट्रातील अनेक जातींत मामेबहिणीशी विवाहास असलेली पसंती नोंदविली आहे. अशा घरात सुनेची सासू हीच तिची आत्या असते आणि आईकडचे व वडिलांकडचे नातेवाईक एकमेकांत मिसळतात. फॅक्टर १३ ची उणीव, ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनिया आणि व्हॉन विलब्रँड विकाराचा तीव्र असा तिसरा प्रकार हे विकार दोन्ही बाजूंनी सदोष जनुक आल्यासच प्रकट होतात. नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते. म्हणून 'तुमचे लग्न नात्यातले का' हा प्रश्न विचारणे अपरिहार्य आहे. तो आरोपाच्या सुरात विचारला गेला तर उत्तर 'नाही' असेच मिळेल, याचेही भान हवे.

सर्वांत अवघड प्रश्न आईच्या पाळीविषयीचा आहे. व्हॉन विलब्रँड विकाराचे सौम्य प्रकार स्त्री-पुरुष दोघांतही येतात आणि हिमोफिलियाच्या वाहक स्त्रियांतही घटक कमी असू शकतो. आईला पाळीत अतोनात 'अंगावरून जात' असेल, बाळंतपणानंतर रक्त द्यावे लागले असेल, तर मुलाच्या जोखमीचा तो सर्वांत बोलका पुरावा ठरतो. पण ही मुलाखत बहुधा गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, सासरे किंवा दीर शेजारी उभे असताना होते. शिवाय ज्या घरात आजी, आई, मावशी अशा सर्वांनाच अधिक रक्तस्राव होतो, त्या घरात तोच नियम समजला जातो. 'आमच्याकडे सगळ्यांचे असेच असते' हे वाक्य तक्रार म्हणून उच्चारले जात नाही. वैद्यकाने मात्र ते निदानाची खूण म्हणून ऐकावयास हवे.

भारतातील प्रयोगशाळांच्या नोंदींत व्हॉन विलब्रँड विकाराचा तिसरा, तीव्र प्रकार ठळकपणे दिसतो, तर पाश्चात्त्य देशांत पहिला, सौम्य प्रकार सर्वाधिक आढळतो. याचा अर्थ आपल्याकडे सौम्य रुग्ण नाहीत असा नव्हे. ते मोजले गेलेले नाहीत असा होतो. न विचारलेल्या प्रश्नांची ही सांख्यिकी आहे.

गोरेगाव ते परळ

सकारात्मक इतिहास मिळाल्यानंतरची तपासणी कोठे करावयाची, हा व्यवहारातील पुढचा प्रश्न. या बाबतीत मुंबई भाग्यवान आहे. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय रुधिर-प्रतिरक्षाविज्ञान संस्था आहे. 1957 मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. याच परिसरात भेंडे आणि सहकाऱ्यांनी अभ्यासलेला 'बॉम्बे' रक्तगट 1952 मध्ये जगापुढे आला. घटकमापन, व्हॉन विलब्रँड घटकाची तपासणी, प्लेटलेटच्या कार्याची तपासणी असे विशेष ज्ञान या शहरात दशकानुदशके उपलब्ध आहे.

परंतु गोरेगावहून दादर गाठून परळपर्यंत, रोजंदारी बुडवून, लहान मुलाला घेऊन जाणे आणि निदान पक्के होण्यासाठी पुन्हा जाणे, हे सर्वांना सारखे शक्य नसते. म्हणूनच उपनगरातील पहिल्या भेटीतील प्रश्न जितके नेमके, तितकी परळची खेप सार्थकी लागते. सरसकट तपासणी ही फेरी अनेकांना विनाकारण घडविते. इतिहासाधारित निवड ती योग्य मुलाला घडविते. आर्थिकदृष्ट्याही चिकित्सक इतिहास हीच सर्वांत स्वस्त चाचणी आहे. तिला लागणारा खर्च पैशांचा नसून वेळेचा आहे, आणि नेमका तोच आपल्या रुग्णालयांत सर्वांत दुर्मीळ आहे.

निदान झाले तर उपाय आहेत, हे सांगणेही आवश्यक आहे. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे जपानमधील ओकामोतो दांपत्याच्या संशोधनातून 1962 मध्ये पुढे आलेले औषध स्वस्त असून तोंड व घसा येथील रक्तस्रावात विशेष उपयुक्त ठरते. डेस्मोप्रेसिन शरीरातील साठ्यातून फॅक्टर ८ व व्हॉन विलब्रँड घटक बाहेर आणते, हे मानुच्ची आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये दाखविले. अनेक सौम्य रुग्णांत त्यामुळे बाहेरून घटक देण्याची गरज टळते. मात्र प्रतिसाद व्यक्तिगणिक बदलत असल्याने शस्त्रक्रियेपूर्वी त्याची चाचणी-मात्रा द्यावी लागते, आणि लहान मुलांत रक्तातील सोडियम घटण्याचा धोका असल्याने पाण्यावर मर्यादा ठेवावी लागते. टॉन्सिलनंतरचा दुसरा रक्तस्राव साधारणतः पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, खपली सुटताना होतो. तेव्हा मूल घरी असते. पालकांना हे दिवस मोजून सांगणे आणि आयब्युप्रोफेन वा ॲस्पिरिनसारखी औषधे परस्पर न देण्याविषयी बजावणे हा मूल्यमापनाचाच भाग मानला पाहिजे.

इतिहासवादाची मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून इतिहास हाच सर्वस्व, असा निष्कर्ष काढणे एकांगी होईल. हिमोफिलियाच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत कुटुंबात पूर्वेतिहास नसतो. दत्तक मुलाचा इतिहास नसतो. स्थलांतरित कुटुंबात मामा गावी असतो आणि आजोबांचा मृत्यू कशाने झाला हे कोणालाच ठाऊक नसते. जेथे भाषाच सामाईक नाही तेथे उत्तम मराठी प्रश्नही निरुपयोगी ठरतो; गोरेगावसारख्या बहुभाषिक उपनगरात ही परिस्थिती अपवादात्मक नाही. अशा वेळी इतिहास 'नकारात्मक' नसून 'अनुपलब्ध' आहे, अशी वेगळी नोंद करणे आणि शस्त्रक्रियेच्या स्वरूपानुसार पीटी, एपीटीटी व प्लेटलेटची गणना करून घेणे शहाणपणाचे ठरेल. चाचणीला विरोध हा या चिकित्सेचा हेतू नाही; चाचणीने प्रश्नाची जागा घेण्याला आहे.

निष्कर्ष

1. बीटी-सीटीचा सामान्य अहवाल सौम्य विकार नसल्याचा पुरावा मानता येत नाही. तिचा शस्त्रक्रियापूर्व सरसकट वापर थांबविणे इष्ट होय.

2. गुणांकन-प्रश्नावल्या उपयुक्त आहेत, परंतु त्यांतील गुण वैद्यकीय सेवेच्या पोचेवर अवलंबून असल्याने वंचित घरांतील मुलांचा गुणांक सावधपणे वाचला पाहिजे.

3. मराठी प्रश्नावली ही शब्दशः भाषांतर न राहता घोळणा, नाळ, कान टोचणे, दुधाचे दात, मामा-मावसभाऊ, नात्यातील विवाह आणि आईची पाळी यांना स्थान देणारी स्वतंत्र रचना असावी.

4. 'इतिहास नाही' आणि 'इतिहास उपलब्ध नाही' या दोन नोंदी केसपेपरवर वेगळ्या कराव्यात.

या कामात महाविद्यालयांनाही वाटा उचलता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत हिमोग्लोबिनची तपासणी नेहमी होते. तिच्यासोबत वरील प्रश्न विचारले गेल्यास पाळीतील रक्तस्राव मुकाट्याने सोसणाऱ्या कितीतरी विद्यार्थिनींची नोंद होऊ शकेल. त्या उद्याच्या माता आहेत म्हणून नव्हे, तर त्या आजच्या रुग्ण असू शकतात म्हणून. प्रश्नावलीची मराठी घडविण्याचे काम तर भाषा, समाजशास्त्र आणि जीवशास्त्र या विभागांनी एकत्र बसून करण्याजोगे आहे. बालकाच्या रक्तातील उणीव प्रयोगशाळा मोजू शकेल. पण कोणत्या बालकाचे रक्त मोजावयाचे, हे आधी कोणीतरी त्याच्या आईला तिच्या भाषेत, एकांतात आणि सवडीने विचारले पाहिजे.